सम कुठे आहे? – संगीत शिकणारा विचार कसा करतो



या वर्षीच्या पालक सभेत तीन निरनिराळ्या पालकांनी एकच प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत विचारला – संगीताच्या तासाने मुलांचे गुण वाढतात का? प्रश्न सरळ आहे आणि तो विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. त्यातच इयत्ता नववी व दहावीचे संगीताचे आठवड्यातील दोन कालखंड (आपले पुण्या-मुंबईचे नातेवाईक ज्याला 'तास' म्हणतात) बंद करावेत, शनिवारी सर्वांचा मिळून एकच मोठा तास ठेवावा आणि मोकळा झालेला वेळ गणित व विज्ञानाच्या सरावाला द्यावा, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आलेला आहे. निर्णय मंडळ घेईल. त्याआधी त्या दोन कालखंडांत नेमके काय चालते, तेथे मूल कोणत्या प्रकारचा विचार करायला शिकते, हे सर्वांना समजावून सांगणे आम्ही आमचे काम समजतो. आमचे स्वतःचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे, त्यामुळे लिहिताना मध्येच हिंदी डोकावली तर ग्वाल्हेरच्या वाचकांना त्यात नवल वाटू नये.

सुरुवात तबल्यापासून करू, कारण संगीत कक्षातून व्हरांड्यात सर्वांत जास्त ऐकू येतो तो तबलाच.

तीनताल सर्वांच्या कानांवरून गेलेला आहे. सोळा मात्रा, चार-चार मात्रांचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. पहिली मात्रा म्हणजे सम. नवीन मूल येते तेव्हा ते बोटांवर मोजते – एक, दोन, तीन, चार. त्याचे सारे लक्ष मोजण्यात असते. कोणी दारातून हाक मारली की मोजणी तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. तीन-चार महिन्यांनी तेच मूल मोजणे सोडून देते आणि तरीही चुकत नाही. हे कसे होते? खालीच्या विभागात बायाचा घुमारा थांबतो, 'धिं'च्या जागी 'तिं' येतो, आणि पुढे बाया पुन्हा बोलू लागला की सम जवळ आली हे कानाला कळते. म्हणजे सोळा सुट्या गोष्टी लक्षात ठेवायच्या नसून चार गठ्ठे लक्षात ठेवायचे आहेत, आणि त्यांतला एक वेगळ्या रंगाचा आहे. महाराज बाड्यावरून घरी पायी जाणारा माणूस पावले मोजत नाही. मिठाईचे दुकान गेले, मंदिर आले, आता डावीकडे वळायचे, एवढेच त्याला ठाऊक असते. ताल शिकलेला माणूस काळाच्या रस्त्यावर असाच चालतो.

यातून एक फार मोठी सोय होते. मोजण्याच्या कामातून सुटलेले मन दुसऱ्या कामाला लावता येते. गवई बंदिशीचे शब्द सांभाळतो, स्वर सांभाळतो, पुढची तान कुठून उचलायची हे ठरवतो, श्रोत्यांच्या चेहऱ्याकडे पाहतो, आणि हे सर्व चालू असताना आत कुठेतरी सोळा मात्रांचे चाक न थांबता फिरत असते. 'सम कुठे आहे?' असे त्याला गाता गाता विचारले तर तो लगेच सांगेल. एक काम मनाच्या मागच्या खोलीत चालू ठेवून पुढच्या खोलीत दुसरे काम करणे, ही संगीत शिकणाऱ्याच्या विचाराची पहिली खूण आम्हाला वाटते. ही गोष्ट वहीत लिहून घेऊन येत नाही. चाक अनेकदा थांबते, पुन्हा फिरवावे लागते, तेव्हा कुठे येते.

आता तिहाई. यात आमच्या गणिताच्या शिक्षकांनाही रस वाटतो, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

बोलांचा एखादा छोटा तुकडा तीन वेळा म्हणायचा आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा 'धा' बरोबर समेवर आणायचा, ही तिहाई. सर्वांत सोपी अशी : तीनतालात खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, 'तिट कत धा' हा तीन मात्रांचा तुकडा लागोपाठ तीनदा म्हणा. पहिला धा अकराव्या मात्रेवर पडेल, दुसरा चौदाव्यावर आणि तिसरा थेट समेवर. आता मुलांना सांगितले की खालीपासून नाही, समेपासूनच उचला आणि पुढच्या समेवर या. तेव्हा तीन मात्रांचा तुकडा लागोपाठ म्हणून पुरत नाही. 'तिट कत गदि गन धा' असा पाच मात्रांचा तुकडा घ्या, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये एक-एक मात्रा गप्प बसा. धा पडतील पाचव्या, अकराव्या आणि सतराव्या मात्रेवर. तीनतालाची सतरावी मात्रा म्हणजेच पुढच्या आवर्तनाची सम.

यातले सतरा फार महत्त्वाचे. ताल सोळाचा असताना हिशेब सतराचा का करायचा? कारण शेवटचा धा पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडायचा असतो. दहा हात लांब कुंपणाला हाता-हातावर खांब रोवायचे तर खांब दहा लागत नाहीत, अकरा लागतात. अगदी तसेच. ही 'एकाची' चूक आमच्या मुलांच्या गणिताच्या उत्तरपत्रिकांतही सारखी आढळते, पण तेथे ती लाल शाईच्या एका खुणेत संपते. तबल्यावर मात्र धा एक मात्रा आधी किंवा नंतर पडला की साऱ्या वर्गाला ऐकू येते, आणि वाजवणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटते त्यानंतर गुरुजींना काही बोलावे लागत नाही.

थोडक्यात नियम असा निघतो : तुकड्याच्या मात्रांची तिप्पट, अधिक विश्रांतीच्या मात्रांची दुप्पट, बरोबर तालाच्या मात्रा अधिक एक. विश्रांतीची दुप्पट का? कारण तीन तुकड्यांच्या मध्ये जागा दोनच असतात. झपतालाच्या दहा मात्रा, म्हणजे अकराचा हिशेब : तीन मात्रांचा तुकडा, एक मात्रा विश्रांती. रूपकाच्या सात मात्रा, म्हणजे आठ : दोनचा तुकडा, एक मात्रा विश्रांती. एकतालाच्या बारा मात्रा. त्याचे उत्तर आम्ही येथे देत नाही. पूर्ण मात्रांत त्याची दोन उत्तरे निघतात. मुलांनी ती काढावीत.

विशेष हे की तबलजी हा हिशेब बसून करत नाही. मैफलीत गवई अचानक चौथ्या मात्रेवरून काही उचलतो, तेव्हा कागद-पेन्सिल कोठून आणणार? मागे कधी तरी केलेला हिशेब हातांत आणि कानांत मुरलेला असतो. समेपासून मागे पाहत तो विचार करतो – मला तेथे पोहोचायचे आहे, तर आत्ता कुठून निघायला हवे? बस पकडणारा माणूस घड्याळ पाहून हेच करतो, पण तबलजीला हे दोन-तीन सेकंदांत करायचे असते आणि बस थांबणारी नसते.

आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ असत. अपूर्णांकांचे ते पाढे (येथे घरोघरी 'पहाडे') आता शाळांतून गेले. औट म्हणजे साडेतीन, हे आमच्या शिक्षकांपैकीही किती जण सांगू शकतील कोण जाणे. पण दिडकी संगीत कक्षात अजून जिवंत आहे. तिला तेथे 'आड' म्हणतात : दोन मात्रांच्या काळात तीन बोल. सोळा मात्रांचा ठेका दीडपट लयीत म्हटला तर तो दहा पूर्णांक दोन तृतीयांश मात्रांत संपतो. म्हणून तो समेवर आणायचा असेल तर पाच पूर्णांक एक तृतीयांश मात्रा सोडून सुरू करावा लागतो. वाचायला हे किचकट वाटते. पण हाताने टाळी धरून तोंडाने दीडपट म्हणणारी मुलगी पाहा. एक तृतीयांश मात्रा हा आकडा तिच्यासाठी एक जागा असते, तिला ती सापडते. सुरुवातीला हात तोंडाच्या मागे धावू लागतो किंवा तोंड हाताच्या. दोघांना आपापल्या चालीने चालू देऊन ठरलेल्या ठिकाणी भेटवायचे, ही मेहनत काही आठवड्यांची असते.

तबल्याबद्दल बरेच झाले. आता कानाबद्दल.

आमच्या संगीत कक्षात एक जुना तंबोरा आहे. नवीन मुलांना पहिल्याच आठवड्यात त्याच्याजवळ बसवून विचारले जाते, काय ऐकू येते? उत्तर येते, 'सा' आणि 'प'. बरोबर आहे, तारा त्याच स्वरांत लावलेल्या आहेत. मग त्यांना खर्जाच्या तारेकडे लक्ष द्यायला सांगतात. काही दिवस कोणालाच काही वेगळे ऐकू येत नाही. आणि मग एके दिवशी कोणी तरी म्हणते, 'सर, यात गंधार वाजतो आहे!' तार गंधारात लावलेली नाही, तरी गंधार आहे. संगीतात याला स्वयंभू गंधार म्हणतात. कारण पदार्थविज्ञानाचे आहे : ताणलेली तार एकसंध तर कंप पावतेच, त्याच वेळी ती दोन भागांत, तीन भागांत, चार, पाच भागांतही कंप पावत असते. पाच भागांच्या कंपनातून जो सूक्ष्म स्वर निघतो तो गंधार, मूळ षड्जाच्या दोन सप्तके वर. घोडीवरचा सुताचा जीवा नीट बसवला, जवारी खुलली, की हे सूक्ष्म स्वर अधिक स्पष्ट होतात.

तो गंधार पहिल्या दिवशीही वाजतच होता. तंबोरा बदलला नाही, मुलाचे ऐकणे बदलले. आणि एकदा तो ऐकू आला की पुन्हा न ऐकणे अशक्य होते! आपण ऐकतो त्यात न ऐकलेले पुष्कळ शिल्लक असते आणि थांबून लक्ष दिले तर त्यातले काही हाती लागते, हा अनुभव चौदा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या कोणत्या विषयात इतक्या थोड्या खर्चात देता येईल, आम्हाला सांगता येणार नाही. प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक यापेक्षा बराच महाग पडला होता. असो.

रागाची गोष्ट याहून रंजक आहे. भूप आणि देसकार हे दोन राग घ्या. दोन्हींत स्वर तेच पाच : सा रे ग प ध. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि देसकार सकाळचा. भूपात वादी गंधार, गाणे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमते. देसकारात वादी धैवत, गाणे वरच्या अंगाला ओढ घेते, ऋषभावर फारसे थांबत नाही. धैवतावर जरा जास्त रेंगाळले की भूप गाता गाता देसकार होतो. मुलांना हे प्रथम पटत नाही. विज्ञानात त्यांनी शिकलेले असते की घटक तेच तर पदार्थ तोच. (पुढे रसायनशास्त्रात कळते की तेथेही ते खरे नाही; ग्रॅफाइट आणि हिरा दोन्ही कार्बनच.) येथे त्यांना कळते की वस्तूची ओळख तिच्या घटकांत जितकी असते तितकीच त्यांच्या आपसांतल्या नात्यात असते. कोणाला मान दिला, कोणाजवळ थांबलो, कोणाला नुसता नमस्कार करून पुढे गेलो, यावर सारे अवलंबून.

आपल्याकडच्या द्विभाषी मुलांना हे समजावणे तसे सोपे जाते. 'शिक्षा' हा एकच शब्द. हिंदीत त्याचा अर्थ शिक्षण, मराठीत दंड. अक्षरे तीच, संगत बदलली की अर्थ बदलला. 'शिक्षा विभागाचे अधिकारी येत आहेत' हे वाक्य मराठी कानांनी ऐकले तर काय वाटेल, यावर आमच्या वर्गात एकदा खूप हशा झाला होता.

रागाचे नियम कडक असतात आणि तरीही दोन गवई तोच राग सारखा गात नाहीत, हेही मुलांनी पाहावे. नियम पाळून मोकळे राहण्याचा हा सराव आहे. आपल्याच मध्य प्रदेशातील उदाहरण द्यायचे तर पं. कुमार गंधर्व (1924–1992) यांचे. जन्म बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा. क्षयरोगाने आजारी पडल्यावर हवापालटासाठी ते देवासला आले. काही वर्षे गाणे बंद होते. त्या सक्तीच्या शांततेत त्यांनी आजूबाजूच्या माळव्यातील लोकगीते कान देऊन ऐकली. ती धुन तेथल्या लोकांच्या रोजच्या कानावरची होती. बायका ती सणावाराला, लग्नाकार्याला म्हणत. चार-पाच स्वरांतल्या त्या छोट्या धुनांत रागाचे बीज असते, हे त्यांनी ओळखले आणि त्यांतून नवे राग बांधले. त्यांना त्यांनी धुनउगम राग म्हटले. तोंड बंद असताना नुसत्या ऐकण्यातून इतका मोठा विचार घडू शकतो, ही गोष्ट आम्हाला वारंवार आठवते.

आपल्या गावाबद्दल थोडे न लिहिले तर जुने वाचक रागावतील. ग्वाल्हेर घराण्याची ख्याती ज्यांच्यापासून झाली त्या हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या भावांविषयी अशी आख्यायिका सांगतात, की बडे महंमद खाँ यांच्या ताना त्यांनी पडद्याआड बसून, अनेक महिने नुसत्या ऐकून उचलल्या. आख्यायिकेत खरे किती हा भाग सोडा. त्या काळी शिकणे म्हणजे ऐकणे आणि साठवणे, हे त्यातून कळते. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांच्याकडे शिकायला हाल सोसत आले ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849–1926), आणि त्यांच्यामार्फत हे गाणे दक्षिणेत, महाराष्ट्रात पोहोचले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले.

आपल्या लष्करात 1914 मध्ये कृष्णराव शंकर पंडित यांनी संगीत विद्यालय सुरू केले, आणि 1918 मध्ये माधवराव शिंदे महाराजांच्या आश्रयाने पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या योजनेप्रमाणे माधव संगीत विद्यालय निघाले. भातखंडे (1860–1936) शिक्षणाने वकील. देशभर फिरून, उस्तादांच्या दारांत बसून त्यांनी बंदिशी गोळा केल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या. आज आपली मुले कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, समेला फुली आणि खालीला शून्य लिहितात, ती लिपी त्यांचीच. मूळ पुस्तके मराठीत होती हे पुष्कळ मराठी माणसांनाच ठाऊक नसते.

या लिपीने गाणाऱ्याच्या विचारात एक फरक पडला. नुसते ऐकून शिकणारा माणूस बंदिश एका प्रवाहासारखी जाणतो; मधून तोडून दाखव म्हटले तर त्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणावी लागते. लिहिलेली बंदिश मात्र नकाशासारखी समोर असते : कोणते अक्षर कोणत्या मात्रेवर, मुखडा कितव्या मात्रेपासून, हे एका नजरेत दिसते, दोन बंदिशींची तुलना करता येते. पण नकाशा म्हणजे गाव नव्हे. मींड, कण, आवाजाचा लगाव कागदावर पूर्ण उतरत नाही. आमच्या संगीत शिक्षकांचा म्हणून नियम आहे : बंदिश आधी ऐकायची, मग म्हणायची, आणि शेवटी वहीत उतरवायची. वही उघडी ठेवून गाणारे मूल समेवर हमखास अडखळते, असे त्यांचे म्हणणे आहे आणि आम्ही ते डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या मते दोन्ही हवे, पण क्रम हाच हवा.

2023 साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीत नगरी म्हणून मान दिला. त्याचे फलक शहरात लागले, आम्हालाही आनंद झाला. पण डिसेंबरात तानसेन समारोहाला हजिऱ्याला जाणाऱ्या श्रोत्यांत शाळकरी मुले किती दिसतात, हेही एकदा मोजायला हवे.

आता तो गुणांचा प्रश्न. आम्ही तो टाळणार नाही.

संगीताने बुद्धी वाढते असे सांगणारे पुष्कळ जण भेटतात. 1993 साली 'नेचर' या प्रसिद्ध नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापून आला. 36 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्टचे संगीत ऐकवले, त्यानंतर आकृत्यांच्या एका प्रकारच्या कोड्यांत त्यांनी जरा बरे काम केले, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. एवढेच. पण वर्तमानपत्रांनी त्याचे 'मोझार्ट ऐका, हुशार व्हा' करून टाकले. 1998 मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी तर प्रत्येक नवजात बाळाला संगीताची सीडी देण्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम मागितली होती!

ऐकणे वेगळे आणि शिकणे वेगळे. शिकण्याबद्दलचा अधिक काळजीपूर्वक प्रयोग 2004 मध्ये कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांनी प्रसिद्ध केला. सहा वर्षांची 144 मुले, चार गट : एकाला कीबोर्ड, एकाला गायन, एकाला नाटक, एकाला काहीच नाही. वर्षाच्या शेवटी सर्वच गटांचा बुद्ध्यंक वाढलेला होता, संगीताच्या गटांचा सरासरी सात, इतरांचा चाराहून थोडा अधिक. म्हणजे फरक होता, पण लहान. नाटकाच्या गटात वागण्या-बोलण्यात जी सुधारणा दिसली ती संगीताच्या गटात दिसली नाही, हेही त्यांनी लिहिले आहे. पुढे 2020 मध्ये साला आणि गोबे या दोन संशोधकांनी असे 54 अभ्यास, जवळजवळ सात हजार मुलांचे, एकत्र तपासले. प्रयोग जितका काटेकोर, तितका बुद्धीवर किंवा अभ्यासावर दिसणारा परिणाम कमी, आणि सर्वांत काटेकोर प्रयोगांत तो जवळजवळ शून्य, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तेव्हा पालकांना आमचे उत्तर असे : तबला शिकल्याने बीजगणिताचे गुण वाढतील, अशी हमी आम्ही देऊ शकत नाही. कोणी देत असेल तर त्याच्याकडून लेखी घ्यावी.

पण याचा अर्थ संगीताने काहीच घडत नाही असा नाही. 1995 साली 'सायन्स'मध्ये जर्मनीतील संशोधकांनी नऊ तंतुवाद्य वादकांच्या मेंदूची तपासणी प्रसिद्ध केली. तारांवर फिरणाऱ्या डाव्या हाताच्या बोटांसाठी मेंदूत जी जागा असते, ती इतर लोकांपेक्षा या वादकांत मोठी आढळली. उजव्या हातासाठी तसा फरक नव्हता. ज्यांनी लहान वयात सुरुवात केली त्यांच्यात फरक अधिक होता. म्हणजे ज्याचा अभ्यास केला ते घडते, आणि खोलवर घडते. गाणे शिकून गाणाऱ्याचा विचार घडतो : काळाचा अंदाज, पुढचे आधीच ऐकणे, चुकल्यावर न थांबता पुढच्या समेला सावरणे, दुसऱ्याचा स्वर ऐकून आपला लावणे. हे स्वतःच एक ज्ञान आहे, भूगोल आहे तसे. भूगोलाने गणिताचे गुण वाढतात का, असे आजवर आम्हाला कोणी विचारलेले नाही.

चुकल्यावर सावरण्याबद्दल दोन शब्द. लिहिताना खोडरबर असतो. गाताना नसतो. गेल्या वार्षिकोत्सवात आठवीच्या एका मुलीने झपतालातल्या छोट्या ख्यालात एक ओळ आधीच उचलली. साथीला दहावीतला मुलगा होता. त्याने ठेका जसाच्या तसा चालू ठेवला, फक्त समेवरचा धिं जरा जोरात दिला. तिने ऐकले, अर्धे आवर्तन नुसते स्वर धरून राहिली आणि पुढच्या समेला बरोबर आली. सभागृहात बहुतेकांना काही कळले नाही. त्या दोघांनी त्या सात-आठ सेकंदांत एकमेकांशी न बोलता जे बोलणे केले, ते आठवड्याच्या दोन कालखंडांतूनच आलेले होते. दोघांनाही त्या वेळी काही समजावून सांगण्याची सोय नव्हती.

यावरून शनिवारच्या मोठ्या तासाच्या प्रस्तावाकडे येतो. वेळ तेवढाच राहतो, 35 मिनिटांचे दोन काय आणि 70 मिनिटांचा एक काय, असे म्हटले जाते. हिशेब बरोबर आहे, पण आठवण अशी चालत नाही. एकाच बैठकीत रेटण्यापेक्षा तोच वेळ मध्ये दिवस सोडून वाटला तर शिकलेले अधिक टिकते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच नोंदवले होते आणि नंतरच्या शेकडो प्रयोगांनी ते पक्के झाले आहे. ताल हातात बसतो तो दोन तासांच्या मधल्या दिवसांत, मूल रिक्षात बसून गुडघ्यावर ठेका धरते तेव्हा. सात दिवसांचे अंतर पडले की पहिली वीस मिनिटे मागचे आठवण्यात जातात. त्यातून शनिवारी अनुपस्थिती सर्वाधिक असते, हे आमच्या हजेरीपटात कोणीही पाहू शकते.

दहावीच्या पालकांची काळजी आम्हाला समजते. परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत दहावीचा एक कालखंड सरावाला द्यायला आमची हरकत नाही. तसे आम्ही मंडळाला लिहून दिले आहे. नववीचे दोन्ही कालखंड मात्र आहेत तसे राहावेत, अशी आमची विनंती आहे. दहावीच्या सरावासाठी प्रार्थनेनंतरची वीस मिनिटे कशी मोकळी करता येतील, याचा एक तक्ताही सोबत जोडला आहे.

मंडळाची बैठक महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे. त्याआधीच्या कोणत्याही गुरुवारी तिसऱ्या कालखंडात विश्वस्त आणि पालक संगीत कक्षात येऊन मागे बसू शकतात. सूचना देण्याची गरज नाही. फक्त पादत्राणे बाहेर काढावीत आणि ठेका चालू असताना आत येऊ नये. सम येईपर्यंत दारात थांबावे. ती कधी आली हे कळले नाही तर दाराजवळच्या मुलांना विचारावे.

एकतालाच्या तिहाईची दोन्ही उत्तरे विद्यार्थ्यांनी लिहून आणू नयेत, टाळी धरून म्हणून दाखवावीत. धाकट्या वर्गांच्या बायाची पुडी फाटली होती, ती बदलून आली आहे.